मुका संगणक, उघडे यंत्र

आमच्या उज्जैनच्या घरी आजीच्या ओव्यांची एक ध्वनिफीत आहे. माळव्याची लय मुरलेली ती मराठी आता घरात कोणी बोलत नाही. फीत झिजण्यापूर्वी आम्ही तिची संगणकीय प्रत करून आणली. पण लिनक्सवर चालणाऱ्या आमच्या संगणकातून शब्दही उमटेना.

या मौनामागे इतिहास आहे. ध्वनिपत्र, म्हणजे साउंड कार्ड, आणि संगणकप्रणाली यांच्यामध्ये ड्रायव्हर हा दुभाष्या असतो. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सला असा दुभाष्या १९९२ मध्ये फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांनी दिला. पुढे त्याची प्रगत आवृत्ती विक्रीची व बंदिस्त झाली. तेव्हा चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये ‘अल्सा’ हा मुक्त प्रकल्प आरंभिला. डिसेंबर २००३ च्या २.६ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात तोच मुख्य ठरला. त्यावर २००४ पासून ‘पल्सऑडिओ’चा आणि अलीकडे ‘पाइपवायर’चा थर चढला.

थर वाढले की दोष नेमका कोठे, हे कळणे कठीण होते. म्हणून तळापासून वर जावे. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली असता कार्ड यंत्रास दिसते की नाही ते समजते. ‘एप्ले’च्या यादीत ते आले, तर ड्रायव्हरने त्यास ओळखले असे जाणावे. आमचे कार्ड दोन्हीकडे होते. शेवटी ‘अल्सामिक्सर’ उघडले, तो मुख्य वाहिनीखाली ‘एमएम’ ही अक्षरे! म्हणजे वाहिनी मिटलेली. ‘एम’ची कळ दाबताच आजी बोलू लागली. यंत्र बिघडलेले नव्हते. त्याचा कंठ मिटलेला होता, इतकेच.

बंदिस्त यंत्रापुढे आपण हात जोडून बसतो. उघड्या यंत्रात मात्र वाट शोधता येते. उज्जैनकरांस याची साक्ष घराजवळच आहे. सवाई जयसिंहांची येथील वेधशाळा अठराव्या शतकातली. पुढे ती मोडकळीस आली. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. सम्राट यंत्राची भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतकी, सुमारे २३ अंश, कललेली आहे. हे गणित कोणी कुलुपात ठेवले नव्हते; म्हणूनच दोन शतकांनी ते यंत्र पुन्हा वेळ सांगू लागले.

आपल्या घराघरांतील फितींनाही हाच न्याय लागू आहे. वाणी जपायची, तर ती वदविणारे यंत्रही आपल्याला उघडता आले पाहिजे.