हा कर!

होळीची सुट्टी संपवून आम्ही आश्रमशाळेत परतायचो तेव्हा फाटकातच रांग लागायची. पत्र्याची पेटी खाली ठेवायची, अधीक्षक सरांसमोर उभं राहायचं आणि सर म्हणायचे, "हा कर." आपण तोंड उघडून श्वास सोडायचा. सर नाक पुढे आणायचे. वास आला नाही तर पेटी उचलून आत. आला तर बाजूला उभं राहायचं.

मी आठवीत होतो त्या वर्षी माझ्या पुढचा मुलगा बाजूला काढला गेला. तो काठीच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा, माझा मित्र. "दारू पिऊन आलास?" सरांनी विचारलं. "नाही सर, मोहाची फुलं खाल्ली," तो म्हणाला. त्याच्या खिशात भाजलेली फुलं होतीही. पण रांग हसली, आणि त्या हसण्यात त्याचं म्हणणं बुडून गेलं. दोन दिवसांनी त्याचे वडील आले, कागदावर अंगठा दिला आणि मुलाला घेऊन गेले. पुढच्या हंगामात तो आईवडिलांसोबत गुजरातेत ऊसतोडीला गेला. शाळेत परत आला नाही.

शाळकरी मुलांच्या नशेची बातमी आली की आता एक मागणी हमखास होते : शाळांमध्ये अचानक चाचण्या घ्या, लघवी तपासा, कोण नशा करतं ते कळू द्या. ती ऐकली की मला ती रांग आठवते. म्हणून मी जरा मागे जाऊन शोधलं. आमच्या डोंगरात माणसाच्या तोंडाचा वास घ्यायला सुरुवात केली कोणी? आणि त्याने दारू सुटली का?

काठी हे गाव नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या बाजूला सातपुड्यात आहे. ब्रिटिश काळात ते खानदेशातल्या छोट्या मेवासी संस्थानांपैकी एक होतं. बाहेरच्यांना काठी माहीत असते ती तिथल्या राजवाडी होळीमुळे. त्या होळीच्या आसपासच मोहाची फुलं गळायला लागतात. पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ती फुलं आम्ही वाळवतो, भाजतो, उकडून खातो. बियांचं तेल निघतं. फुलांची दारूही निघते. ती देवाला धार म्हणून जमिनीवर सांडली जाते आणि लग्नात, मर्तिकात, पंचात बसल्यावर प्यायली जाते. एकाच झाडाचं अन्न, एकाच झाडाचं औषध, एकाच झाडाची नशा. बाहेरच्या माणसाला यातला फक्त शेवटचा वास येतो.

सरकारलाही तोच आला. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू मोठ्या, सरकारी देखरेखीखालच्या भट्ट्यांत गाळायची आणि मक्तेदारांच्या दुकानांतून विकायची, अशी व्यवस्था आली. १८९२ च्या मोहा कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत नुसती फुलं बाळगण्यावरही बंधनं घातली. लोकांनी दारू कमी प्यावी हा या कायद्यांचा हेतू नव्हता. त्यांनी ती कर भरून, दुकानातून विकत घेऊन प्यावी हा हेतू होता. अबकारी हे इलाख्याच्या तिजोरीचं मोठं उत्पन्न होतं. त्यासाठी झोपड्यांत शिरून मडकी हुंगणारे शिपाई नेमले गेले. वास घेणारं सरकारी नाक आमच्याकडे आलं ते असं. त्याने दारू थांबली नाही. भट्टी ओढ्याच्या आड गेली, शिपायाला हप्ता सुरू झाला, आणि जो दुकानात प्यायला तो उधारीत बुडाला. दक्षिण गुजरातेत बरेचसे दारूविक्रेते पारशी होते आणि त्यांतले अनेक सावकारही होते. प्यालेल्या माणसाची जमीन हळूहळू त्यांच्या नावावर जात होती.

मग १९२२ साल उजाडलं. पालघरच्या किनाऱ्यावर कोळ्यांमध्ये अंगात येणारी एक देवी डोंगर चढून आदिवासी पाड्यांत पोहोचली. ९ नोव्हेंबर १९२२ रोजी सुरत जिल्ह्यातल्या खानपूरजवळ सुमारे दोन हजार आदिवासी जमले आणि 'सलाबाई' देवीची आज्ञा ऐकू लागले : दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, पारशी दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. ही लाट पश्चिम खानदेशातल्या आदिवासी पट्ट्यातही आली. जे अबकारी शिपायाला चाळीस वर्षांत जमलं नव्हतं, म्हणजे त्याला ते करायचंच नव्हतं, ते काही आठवड्यांत झालं. गावंच्या गावं दारू सोडून बसली. अंघोळ करा, या आज्ञेमागे सरळ अर्थ होता : ज्यांना गलिच्छ म्हणून हिणवलं जातं त्यांनी स्वतःहून मान वर करायची.

पंधरा वर्षांनी तेच पुन्हा घडलं, या वेळी अगदी आमच्या उंबऱ्यावर. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज हे भिल्ल. त्यांनी लोकांना एकमेकांना 'आप की जय' म्हणायला शिकवलं. ज्याला जन्मभर 'ए' आणि 'अरे' ऐकावं लागलं, त्याला कुणीतरी 'आप' म्हणत होतं. त्यांच्या आरतीला हजारो लोक डोंगर उतरून येत आणि दारू सोडल्याचं सर्वांसमोर कबूल करून परत जात. १९३८ मध्ये महाराज वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी चळवळ पुढे नेली, तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यांना जिल्ह्याबाहेर काढलं. गंमत अशी, की याच काळात मुंबईत बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार दारूबंदीची तयारी करत होतं, आणि १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात ती आलीही. एकीकडे दारूबंदी सरकारी धोरण होऊ घातली होती आणि दोनच वर्षांत, लोकांकडून दारू सोडवणारा माणूस हद्दपार झाला होता. कारण त्याच्या मागची गर्दी कुणाला विचारून जमली नव्हती.

तिसरी वेळ शहाद्याची. १९७२ नंतर अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या लढ्यात जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न पुढे होता. सभांना आलेल्या बायकांनी त्यात स्वतःचा प्रश्न घातला : मजुरी वाढली तरी ती गुत्त्यात जाते आणि रात्री आमच्या पाठीवर उतरते. त्या जथ्थ्याने गावोगाव गेल्या आणि दारूची मडकी फोडली. वास घ्यायची त्यांना गरज नव्हती. दारू कुठे गाळली जाते, कोण विकतं, कोण पितो, हे त्यांना ठाऊकच होतं.

या तिन्ही गोष्टी सांगताना मला त्यांची आरती ओवाळायची नाही. देवीची लाट ओसरल्यावर दक्षिण गुजरातेत समाजाचे दोन तुकडे पडले. व्रत पाळणारे ते 'वरजेला', पुन्हा प्यायला लागलेले ते 'सरजेला', आणि दोघांत रोटीबेटीचे तंटे. नवससुद्धा माणसाला बाहेर काढू शकतो. पण फरक एवढाच, की तिथे परतीची वाट होती. पुढच्या आरतीला पुन्हा जाता येत होतं.

आता शाळेकडे येऊ. शाळेत अचानक चाचणी हा प्रकार अमेरिकेत कायद्याच्या कसोटीला उतरलेला आहे. १९९५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑरेगन राज्यातल्या व्हर्नोनिया गावच्या शाळेला खेळाडू मुलांची लघवी तपासायला परवानगी दिली. तो खटला सातवीतल्या जेम्स ॲक्टन या मुलापासून सुरू झाला होता. त्याला फुटबॉल खेळायचा होता आणि त्याच्या आईवडिलांनी चाचणीच्या कागदावर सही करायला नकार दिला होता. २००२ मध्ये ओक्लाहोमातल्या लिंडसे अर्ल्सच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ही मुभा गायन-वादनासारख्या उपक्रमांतल्या मुलांपर्यंत वाढली. म्हणजे कोर्टाने 'करू शकता' म्हटलं. पण उपयोग होतो का? २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ७६ हजार विद्यार्थ्यांची माहिती तपासली. चाचणी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या नशेच्या प्रमाणात त्यांना फरक आढळला नाही. २०१५ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच अशा सरसकट चाचण्यांना विरोध केला.

कारण साधं आहे. गांजाचा अंश लघवीत काही दिवस, रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत काही आठवडे राहतो. दारू मात्र काही तासांत शरीरातून निघून जाते. म्हणजे चाचणी सगळ्यांना सारखी पकडत नाही. ज्याला वेळ साधता येते तो सुटतो. ज्याच्या शरीरात भलत्याच कारणाने काही दिसतं तो अडकतो.

हे मला मिशिगनच्या आधीपासून माहीत होतं. त्या वर्षी होळीच्या पूजेला मोठ्या माणसांनी मला पळसाच्या पानाच्या द्रोणात दारू दिली होती. शाळेत परततानाच्या सकाळीही मी उरलेली घोटभर प्यायलो होतो. वाटेत मोठ्या मुलांनी सांगितलं होतं तसा पेरूचा पाला चघळला आणि अधीक्षक सरांसमोर छातीभर श्वास सोडला. त्यांना पेरूचा वास आला. माझ्या मित्राने दारू प्यायलीच नव्हती. त्याने फुलं खाल्ली होती. तो गेला आणि मी राहिलो, शिकलो, आज हे लिहितो आहे. तेव्हा रांगेत हसणाऱ्यांत मीही होतो.

मुलं नशा करतातच. तंबाखू, गुटखा, दारू, शहरात गांजा आणि त्याहून वाईट. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. आपल्या कायद्याचं बोट खरं तर मुलाकडे नाहीच. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, हे २००३ च्या कायद्यात आहे. मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे २०१५ च्या बालन्याय कायद्यात आहे. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच आहे. १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून मदत मागता येते. म्हणजे विकणाऱ्याला धरा आणि घेणाऱ्याला सावरा. आम्ही उलट करतो. दुकान तिथेच राहतं आणि मुलगा घरी जातो.

काठीच्या होळीला नवस केलेली माणसं 'पालनी' पाळतात. काही दिवस खाटेवर बसायचं नाही, पायात चप्पल घालायची नाही, जमिनीवर झोपायचं. कुणी तपासायला येत नाही. सगळा गाव बघत असतो, आणि ज्याचं पाऊल चुकेल त्याला सांभाळून घ्यायलाही गावच असतो.

मागच्या होळीला मला तिथे माझा मित्र भेटला. त्याचा मुलगा आता पाचवीत आहे, त्याच आश्रमशाळेत. इतक्या वर्षांनी मी त्याला पेरूच्या पाल्याचं सांगितलं. मला वाटलं तो हसेल, नाहीतर चिडेल. तो थोडा वेळ होळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू शिकलेला आहेस, शाळेत तुझं ऐकतील. माझ्या पोराच्या तोंडाला कधी वास आला तर मला बोलवा म्हणावं. मी येईन. पण त्याला घरी पाठवू नका म्हणावं."