शोभेच्या दारूतील विषपरीक्षा

शोभेच्या दारूचा इतिहास बहुधा वैभवाचा आणि आनंदाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात ह्या कलेची भारतातील पाच शतकांची वाटचाल साधार मांडली. त्यांनी उजेडात आणलेल्या साधनांपैकी एक म्हणजे ओरिसाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या (१४९७–१५४०) नावे असलेला ‘कौतुकचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ. त्यातील कृतींत सोरा, गंधक व कोळसा यांच्या जोडीला हरताळ, हिंगूळ आणि पाराही येतो. हरताळात आर्सेनिक असते, हिंगुळात पारा. म्हणजे विष ह्या कलेत मागाहून शिरले नाही. ते तिच्या बालपणापासूनच तिच्या सोबतीला आहे.

एकोणिसाव्या शतकात क्लोरेट हाती आले आणि दारूकामाला खरे रंग चढले. स्ट्रॉन्शियमने तांबडा, बेरियमने हिरवा आणि तांब्याने निळा रंग दिला. पुढे आतषबाजीच्या चकाकीसाठी अँटिमनी, तडतडीसाठी शिशाचे ऑक्साइड, अशी एकेका धातूची एकेक कामगिरी ठरून गेली.

ज्या गुणामुळे धातू डोळ्यांना सुखवितो, तोच गुण त्याला उघडकीसही आणतो. १८६० च्या सुमारास हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी दाखवून दिले की, प्रत्येक मूलद्रव्याच्या तप्त वाफेचा प्रकाश लोलकातून पाहिला, तर त्या द्रव्याच्या स्वतःच्या रेषा दिसतात. दूरच्या मानहाइम शहरात लागलेल्या आगीच्या ज्वाळांत त्यांना बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या रेषा ओळखता आल्या, अशी कथा सांगितली जाते.

नुसत्या डोळ्यांनी मात्र हा निवाडा होत नाही. पांढऱ्या ठिणग्यांच्या फुलबाजीतही बेरियम नायट्रेट असू शकते. तेथे ते रंगासाठी नव्हे, प्राणवायू पुरविण्यासाठी घातलेले असते. म्हणून प्रयोगशाळेत दारूची भुकटी आम्लात विरघळवितात. त्या द्रावाचा तुषार हजारो अंश तापलेल्या आर्गॉन वायूच्या झोतात सोडतात आणि उमटणाऱ्या रेषांच्या तेजावरून धातूचे प्रमाण मोजतात. कच्च्या मालातून चुकून आलेला अंश आणि हेतुपुरस्सर घातलेले द्रव्य यांतील भेद ह्या प्रमाणावरूनच कळतो.

२०१५ साली दिल्लीतील तीन तान्ह्या बालकांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, तेव्हा ह्या परीक्षेला न्यायाचे अधिष्ठान मिळाले. ३१ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने अँटिमनी, लिथियम, पारा, आर्सेनिक आणि शिसे यांचा फटाक्यांतील वापर निषिद्ध ठरविला. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी बेरियमच्या क्षारांवरही बंदी आली. तपासणीचा भार स्फोटक पदार्थांच्या केंद्रीय नियंत्रण संघटनेवर पडला, तर कमी प्रदूषणाचे फटाके घडविण्याचे काम ‘नीरी’ ह्या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने हाती घेतले. दोहोंची मुख्यालये नागपुरातच आहेत.

तथापि आदेश निघाला, म्हणून पेटीतील द्रव्य बदलतेच असे नाही. २०२० साली न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चेन्नई कार्यालयाकडे चौकशी सोपविली. तिचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयापुढे चर्चिला गेला. कारखान्यांतून घेतलेल्या मालाचे रासायनिक पृथक्करण झाले होते आणि बंदी असलेले बेरियम त्यात सापडले होते. वेष्टनावरील मजकूर आणि आतील द्रव्य यांचा मेळ नव्हता.

शिवकाशीच्या परिसरातील असंख्य कुटुंबांची भाकर ह्या धंद्यावर अवलंबून आहे, आणि ती दारू हातांनी भरणारे तिच्या सर्वांत निकट असतात. यंत्र खोटे बोलत नाही. परंतु जो नमुना त्याच्यापुढे येतो, त्याविषयीच ते बोलते. परवान्यासाठी एक माल आणि बाजारासाठी दुसरा, असे घडू लागले तर अत्यंत सूक्ष्म यंत्रही निरुपयोगी ठरते. म्हणून विषपरीक्षेचा खरा आरंभ प्रयोगशाळेत होत नाही. तो दुकानाच्या फळीवरून पेटी उचलणाऱ्या तपासनिसाच्या हातात होतो.