कांस आणि लष्करी ट्रॅक्टर

रायपूरचा कारभार नागपूरहून चाले, त्या काळची ही हकीकत. त्याच प्रांतातील सागर-होशंगाबादकडच्या काळ्या जमिनी कांसाने गिळल्या होत्या. आपली हराळी बरी म्हणावी, इतकी याची मुळे खोल; बैलांचा नांगर तेथे हात टेकी. १९४७ साली केंद्र सरकारने ट्रॅक्टर संघटना काढली आणि अमेरिकी सैन्याने मागे टाकलेली जुनी यंत्रे कामास जुंपली. उपटलेली मुळे उन्हातच करपावयाची, म्हणून सारी धडपड पावसापूर्वीची. अशा वेळी यंत्र अडले, तर तो रिकामा दिवस आम्हा कारकुनांच्या कोणत्याच खात्यात दिसत नाही. शेतकऱ्याचे मात्र वर्ष बुडे. अखेर १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज काढून नवे अवजड ट्रॅक्टर आणण्याचे ठरले.