मद्रासचा नकाशा, इटारसीच्या काड्या

दरवर्षी सत्र सुरू झालं की मी विद्यार्थ्यांना घरातल्या जुन्या लग्नपत्रिका घेऊन यायला सांगते. इंदुरात त्यांना तोटा नाही. जाड, चकचकीत, सोनेरी कडांच्या पत्रिका ढिगानं येतात. गणपतीच्या चित्राला कात्री लावायची नाही, अशी अट एका मुलीच्या आजीनं घातली होती, ती आम्ही अजून पाळतो. पत्रिकांचे सारख्या मापाचे आयत कापायचे, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी ते कोपऱ्याला कोपरा लावून जोडायचे आणि ठरलेल्या जागी थर्माकोलचे गोळे चिकटवायचे. तासाभरात प्रथिनाच्या साखळीचा एक तुकडा तयार होतो.

ही युक्ती माझ्या डोक्यातली नाही. तिचा अर्धा भाग मद्रासहून आला आणि अर्धा इटारसीहून.

इटारसीचा भाग आधी सांगते, कारण तो आयुष्यात आधी आला. बाबा रेल्वेत होते. १९७९ साली मी सहावीत गेले. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांतून विज्ञान शिकवण्याचा एक नवा प्रयोग सुरू झाला होता आणि १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल स्कूलमध्ये पोचला. आमच्या पुस्तकाचं नाव होतं ‘बाल वैज्ञानिक’. त्यात प्रयोग होते, प्रश्न होते, उत्तरं मात्र नव्हती. ती आपण करून, बघून वहीत लिहायची. परीक्षेला पुस्तक नि वही सोबत नेता यायची, याचं आईला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

पुण्याच्या टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन या कार्यक्रमात आले. काडेपेटीच्या काड्या व्हॉल्व्ह ट्यूबनं जोडून आकार बनवायचे, ही त्यांची कल्पना. पुढे पुण्यातल्या ‘आयुका’च्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी असंख्य खेळणी घडवली. माझ्या बोटांना मात्र आठवतं ते एवढंच: तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. बहनजींनी हे सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं होतं, “और दबाकर देखो, क्या होता है?” घरी मराठी, शाळेत हिंदी, पुढे कॉलेजात इंग्रजी, असा माझा प्रवास झाला. पण चौकोन कलतो हे मला यातल्या कुठल्याच भाषेतून कळलेलं नाही.

आता प्रथिनाकडे वळू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ही माळ शरीरात सुतळीसारखी लोंबत नाही, ठरावीक आकारात दुमडते. ती रक्तात प्राणवायू वाहणार की हाडाला बळकटी देणार, हे त्या आकारावर ठरतं. आकार डोळ्यांना दिसत नाही. क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसतात ते ठिपके आणि कमानी, त्यांवरून आकार ताडायचा असतो.

१९४८ साली लायनस पॉलिंग ऑक्सफर्डला सर्दीनं अंथरुणाला खिळले होते. त्यांनी कागदावर माळेचं चित्र काढलं आणि कागद दुमडत बसले. माळेतला प्रत्येक पेप्टाइड दुवा सपाट असतो, तो पिळता येत नाही, हे त्यांनी पक्कं धरलं होतं. त्या कागदातून निघालेली अल्फा सर्पिल रचना १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. आदल्याच वर्षी केंब्रिजच्या ब्रॅग, केंड्र्यू आणि पेरुट्झ या दिग्गजांनी माळेच्या शक्य आकारांची जंत्री छापली होती. दुव्याचा सपाटपणा त्यांनी पाळला नव्हता, आणि खरा आकार नेमका त्या जंत्रीतून निसटला.

त्यानंतरचा अध्याय मद्रासचा. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांचा जन्म १९२२ मध्ये एर्नाकुलमला झाला. बंगळूरमध्ये सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली शिकले, केंब्रिजला जाऊन आले आणि १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. भेटीला आलेल्या जे. डी. बर्नाल यांनी त्यांना सुचवलं की कोलॅजेनची रचना अजून कुणाला नीट सुटलेली नाही.

कोलॅजेन म्हणजे आपली कातडी, स्नायुबंध, हाडांचा सांगाडा. सस्तन प्राण्यांच्या शरीरात सर्वांत जास्त असलेलं प्रथिन हेच. केंद्रीय चर्मसंशोधन संस्था विभागाच्या शेजारीच होती, त्यामुळे नमुने आणि पुस्तकं हाताशी होती. कांगारूच्या शेपटीतल्या तंतूंपासून चांगली क्ष-किरण छायाचित्रं मिळाली. रासायनिक विश्लेषण सांगत होतं की यातलं जवळपास प्रत्येक तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन आहे, म्हणजे सगळ्यांत लहान चणीचं. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये तीन माळांची रचना मांडली आणि १९५५ मध्ये तिला आणखी एक पीळ दिला.

मराठीत हे समजावणं सोपं जातं. दोर वळताना प्रत्येक पेड एका दिशेनं पिळतात आणि मग तिन्ही पेड मिळून उलट दिशेनं. दोर सुटत नाही तो त्यामुळेच. कोलॅजेनचं तसंच आहे. तीन पेडांच्या मधोमध जागा इतकी थोडी की तिथे ग्लायसिनशिवाय कुणी मावत नाही. त्या एका जागी दुसरं, मोठं अमिनो आम्ल आलं तर दोर बिघडतो, आणि काही मुलांची हाडं जन्मापासून काचेसारखी तुटतात.

मग केंब्रिजहून टीका आली. अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी कोलॅजेनची स्वतःची रचना मांडली. मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या नको इतके जवळ आले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. क्रिक म्हणजे दोनच वर्षांपूर्वी डीएनएची रचना मांडणारे. समोर मद्रासचा एक नवा विभाग.

या टीकेचं रामचंद्रन यांनी जे केलं, ते मी दरवर्षी वर्गात सांगते. ‘नको इतके जवळ’ म्हणजे किती जवळ, आणि हे ठरवलं कुणी, असा त्यांनी प्रश्न केला. मग त्यांच्या गटानं तोवर छापून आलेल्या लहान रेणूंच्या स्फटिकरचना चाळल्या. कार्बन कार्बनच्या, नायट्रोजन ऑक्सिजनच्या प्रत्यक्षात किती जवळ आलेला दिसतो, याची नोंद केली. रूढ समजुतीपेक्षा अणू बरेच जवळ येऊ शकतात, असं आढळलं. त्यांनी दोन मर्यादा ठरवल्या, एक नेहमीची आणि एक अगदी शेवटची.

पुढचं पाऊल मोठं होतं. पेप्टाइड दुवा सपाट आणि ताठ असेल तर माळेला वळायला प्रत्येक सांध्यावर दोनच बिजागऱ्या उरतात. त्यांच्या कोनांना फाय आणि साय अशी ग्रीक अक्षरं दिली आहेत. रामचंद्रन, व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन यांनी प्रश्न उलट्या टोकानं धरला: कुठल्या कोनांत माळ वळूच शकत नाही? एका अक्षावर फाय, दुसऱ्यावर साय घेऊन, टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर एकेक जोडी तपासत त्यांनी नकाशा काढला. तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. नकाशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग बंद निघाला, कारण तिथे अणू एकमेकांवर आदळतात. उरलेल्या थोड्या बेटांवरच सगळी प्रथिनं नांदतात. त्या वेळी अणूंच्या तपशिलापर्यंत उलगडलेलं प्रथिन जवळजवळ एकच होतं, मायोग्लोबिन. आज जगातल्या प्रत्येक जीवरसायनाच्या पाठ्यपुस्तकात हा नकाशा ‘रामचंद्रन आलेख’ या नावानं आहे.

मूळच्या वादाचं काय झालं? १९९४ मध्ये कोलॅजेनसारख्या एका छोट्या पेप्टाइडची स्फटिकरचना मिळाली. तीन पेडांचा पिळलेला दोर मद्रासनं मांडला तसाच होता. पेडांना बांधणारे हायड्रोजन बंध मात्र रिच आणि क्रिक म्हणत होते तसे, दर तीन अमिनो आम्लांमागे एक, असे निघाले. दोन्ही बाजूंच्या पदरात काही ना काही पडलं. नकाशा मात्र त्या भांडणाच्या कितीतरी पुढे निघून गेला होता.

आता माझी कबुली. पहिली बारा-तेरा वर्षं मी हा नकाशा फळ्यावर काढत होते, मुलं उतरवून घेत होती आणि परीक्षेत ‘टीप लिहा’ आली की पाच गुण मिळवत होती. एकदा तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या सगळ्यांत हुशार विद्यार्थिनीला विचारलं, “हा भाग मोकळा का आहे?” ती म्हणाली, “सर, तिथे प्रथिनं सापडत नाहीत.” “का सापडत नाहीत?” ती गप्प झाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या गप्प बसण्यात माझा वाटा मोठा होता. इटारसीच्या शाळेत मला जे फुकट मिळालं होतं, ते मी पगार घेऊन कुणाला देत नव्हते.

त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा पत्रिका कापल्या. पत्रिकेचा आयत म्हणजे ताठ पेप्टाइड दुवा. कोपऱ्यावरची ट्यूब म्हणजे वळणारा सांधा. गोळे म्हणजे अणू. चोवीस मुलांच्या बारा जोड्या. प्रत्येक जोडीला फायचा एक कोन आणि तीस-तीस अंशांनी बदलत जाणारे सायचे बारा कोन. गोळे आदळले तर फुली, नाही आदळले तर टिंब. असे एकशे चव्वेचाळीस चौकोन. पुस्तक दप्तरात. शेवटी सगळ्यांनी आपापले स्तंभ फळ्यावर भरायचे. रामचंद्रन यांची बेटं ओबडधोबड, कडा फाटल्यासारखी, पण ओळखू येतील अशी फळ्यावर उगवतात.

याची किंमत आहे. तीन तास जातात, अभ्यासक्रमाचं एक प्रकरण घाईत उरकावं लागतं, आणि ‘मॅडम हस्तकला घेतात’ असा शेराही माझ्या कानावर आला आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापास होण्याची शक्यता, मुलांना स्वतः काही करायला लावणाऱ्या वर्गांच्या दीडपट आढळली. बैठकीत मी हा आकडा सांगते. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला हेही मला ठाऊक असतं, म्हणून आवाज फार चढवत नाही.

अलीकडे मुलांचा प्रश्न वेगळा असतो. “मॅडम, अब तो कंप्यूटर मिनटों में बता देता है, फिर हम क्यों करें?” प्रश्न रास्त आहे. अमिनो आम्लांचा क्रम दिला की आकार वर्तवणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’साठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण ती प्रणाली शिकली कशावर? प्रथिनांच्या रचनांच्या जागतिक संग्रहावर. १९७१ मध्ये सात रचनांनिशी सुरू झालेल्या या संग्रहात आज दोन लाखांहून जास्त रचना आहेत, आणि त्या माणसांनी एकेक करून सोडवल्या आहेत. आजही नवी रचना दाखल होताना तिचे कोन रामचंद्रन यांच्या नकाशावर ठेवून पाहतात. फार ठिपके बंद भागात पडले तर कुठेतरी चुकलंय, असा संशय घेतात. यंत्रानं दिलेल्या उत्तरावर संशय घ्यायचा तर काय होऊ शकत नाही हे आधी माहीत हवं. मी मुलांना एवढंच सांगते, आणि कात्र्या वाटते.

गेल्या वर्षीची गोष्ट. फळ्यावर नकाशा भरत आला होता. उजव्या अर्ध्यात बहुतेक फुल्या, आणि मध्येच एका जोडीच्या स्तंभात भलतीकडेच पाच-सहा टिंबं. वर्ग हसला. खरगोनकडचा एक मुलगा नि देवासची एक मुलगी, अशी ती जोडी होती. दोघं कानापर्यंत लाल झाली, आणि मुलगा डस्टर घेऊन पुसायला उठला. मी त्याला थांबवलं आणि त्यांची साखळी मागितली. सांध्यावरचा एक गोळा नव्हता. बाकाखाली घरंगळला होता, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

“कुठला गोळा?” मी विचारलं.

“साइड चेनवाला,” मुलगी म्हणाली.

“तो नसलेलं अमिनो आम्ल कुठलं?”

वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, “ग्लायसिन.”

त्या दोघांनी मोजमाप बरोबर केलं होतं, फक्त दुसऱ्याच अमिनो आम्लाचं. गोळा नाही, म्हणून आदळणं कमी, म्हणून वळायला जागा जास्त. कोलॅजेनच्या दोरात मधोमध मावणारा तो हाच. मुलानं डस्टर खाली ठेवलं, निळा खडू घेतला आणि आपल्या स्तंभाच्या डोक्यावर नाव लिहिलं. घंटा झाली तरी तिघं-चौघं हललीच नाहीत. त्यांनी आपापल्या साखळ्यांवरचे गोळे काढले होते आणि पहिल्या कोनापासून पुन्हा मोजायला घेतलं होतं.