पुसलेली चित्रे, उरलेली छायाचित्रे

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर १९७० च्या दशकात तरुण मुले रात्री यार्डात शिरून स्प्रेच्या रंगांनी आपली नावे व चित्रे रंगवीत असत. रेल्वे प्रशासनाच्या लेखी हा गुन्हा होता. त्यामुळे चित्रे धुऊन टाकली जात किंवा त्यांवर दुसरी रंगविली जात. ती टिकली प्रामुख्याने छायाचित्रांत.

वृत्तछायाचित्रकार मार्था कूपर यांनी धावत्या गाड्या शहराच्या पार्श्वभूमीवर टिपल्या. शिल्पकार हेन्री चॅलफंट यांनी फलाटावरून एकाच डब्याची अनेक छायाचित्रे घेऊन ती जोडली आणि संपूर्ण डबा एका चौकटीत आणला. चॅलफंट यांची छायाचित्रे १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या ओ. के. हॅरिस कलादालनात मांडण्यात आली. १९८४ मध्ये दोघांचे 'सबवे आर्ट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातूनच युरोपातील अनेक तरुणांना या शैलीची ओळख झाली.

रंगविलेला शेवटचा डबा १९८९ मध्ये सेवेतून काढण्यात आला. पुढे २०१९ मध्ये ब्राँक्स कलासंग्रहालयात चॅलफंट यांचे, तर २०२० मध्ये बर्लिनच्या अर्बन नेशन संग्रहालयात कूपर यांचे मोठे प्रदर्शन भरले. या छायाचित्रांना कलेचा मान मिळाला. त्यांतील बहुतेक मूळ चित्रे मात्र आज अस्तित्वात नाहीत.