रंगीन महालातील लाकूडकाम

भीमा-अमरजा संगमावर स्नान करून गाणगापुरास निर्गुण पादुकांचे दर्शन घेणाऱ्या भाविकांस गुरुचरित्रातील बेदरच्या बादशहाची कथा ठाऊक असतेच. श्रीगुरूंच्या कृपेने त्याची फोडाची व्यथा दूर झाली, असे ती सांगते. तिच्यामुळे बेदर आपणांस परके वाटत नाही. परंतु तेथील किल्ल्यातील सुतारांची कमाई पाहावयास थोडेच यात्रेकरू वळतात.

ती कमाई रंगीन महालात आहे. बरीदशाहीतील अली बरीद (१५४२ ते १५८०) याच्या काळचे हे काम. दालनातील लाकडी खांबांवर दाट कोरीव नक्षी असून तीत हिंदू शिल्पाची वळणे ओळखू येतात. आत काळ्या दगडात शिंपला जडविलेला आहे. असल्या जडावात आकृतीपुरती खाच कोरावयाची, तिच्या मापाचा तुकडा घासून आत बसवावयाचा आणि पृष्ठभाग सपाट करावयाचा. एक तासणी चुकली की सांधा उघडा पडतो.

याच्याशेजारी इंग्लंडातील कारागिरी ठेवून पाहावी. व्हिक्टोरिया राणीच्या काळी (१८३७ ते १९०१) तेथील सधन घरांच्या भोजनगृहात अक्रोडी ‘साइडबोर्ड’ असे. त्याचा सांगाडा पुष्कळदा हलक्या लाकडाचा. वर अक्रोडाच्या गाठीचा पातळ पापुद्रा. एकाच गाठीचे लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडून जोडले, की एका बाजूची रेषा दुसरीकडे आरशातल्यासारखी उमटे. ही लबाडी नव्हे. दुर्मीळ लाकूड पुरवून वापरण्याची ती युक्ती होय. एक कारागीर पृष्ठावर चढवितो, दुसरा पृष्ठात उतरवितो. डोळा आणि संयम दोघांसही सारखाच लागतो. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात बेदरची चांदी जडविलेली बिदरी भांडीही मांडली होती, हे येथे स्मरावे.

हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९४७ साली बेदरच्या वास्तूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला, म्हणून महालाची तपशीलवार नोंद राहिली. आपल्या देवळांतील कोरीव दारांची, पालख्यांची, देव्हाऱ्यांची अशी नोंद कोणी करावयाची? जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यांवर तैलरंगाचे थर चढतात, नक्षी बुजते. कुठे जुने लाकूड काढून संगमरवर बसतो. वाळवीपेक्षा हा उत्साह कधी कधी अधिक घातक ठरतो. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी विश्वस्तांनी एखाद्या वृद्ध सुतारास बोलावून ते लाकूड एकवार दाखवावे. ज्या हातांनी ते घडविले त्यांची नावे आपणांस कळणार नाहीत. त्यांचे काम जपणे मात्र आपल्याच हाती आहे.