सुईकडे नजर, मग आभाळाकडे

१० मे २०२४ च्या रात्री युरोप-अमेरिकेत लाखो माणसे गावाबाहेर, समुद्रकाठी, टेकड्यांवर अंधारात उभी होती आणि त्यांतली बरीचशी फोनमध्ये डोके खुपसून होती. पाहायचा होता उत्तर ध्रुवाकडचा प्रकाश, अरोरा. डोळे मात्र एका आकड्यावर. या छंदातले लोक त्याला ‘बीझेड’ म्हणतात. सौरवाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा कल उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे तो सांगतो. आकडा अधिक असला तर घरात जाऊन चहा प्यावा. उणे वीसच्या खाली उतरून तिथेच ठाण मांडून बसला, तर टोपी चढवून बाहेर पळावे.

आभाळाआधी यंत्राकडे बघायची ही खोड फोनच्या फार आधीची आहे.

पूर्वी हा प्रकाश न सांगता यायचा आणि माणसे धावाधाव करायची. सम्राट टायबेरियसच्या काळात एका रात्री आभाळ लालबुंद झाले आणि ऑस्टिया बंदर पेटले असे समजून रोमन पलटणी मदतीला धावल्या, असे सेनेकाने लिहून ठेवले आहे. त्यांना हसण्यात अर्थ नाही. २५ जानेवारी १९३८ च्या रात्री इंग्लंडात विंडसरच्या राजवाड्याला आग लागली म्हणून बंब बोलावले गेले होते.

वाट पाहायची तर आधी चाहूल लागायला हवी. ती दिली होकायंत्राच्या सुईने. स्वीडनमधल्या उप्साला इथे १७४१ साली अँडर्स सेल्सियस (तापमापकवाला तोच) आणि त्याचा मेहुणा ओलोफ ह्योर्टर यांच्या लक्षात आले की वर प्रकाश नाचू लागला की टेबलावरची सुईही जागा सोडते. ह्योर्टर हा चिकाटीचा गडी. वर्षभरात त्याने सुईच्या सहा हजारांहून अधिक नोंदी केल्या. लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहमची सुईही त्याच दिवशी बिथरली होती, हे पत्रांतून जुळले. म्हणजे ढग दाटले असले तरी वर काय चालले आहे ते आता खोलीत बसून कळणार होते.

अशीच एक सुई मुंबईत कुलाब्याला होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये काढलेल्या या वेधशाळेत १८४० च्या दशकात चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. गणितज्ञ केरूनाना छत्रे यांनीही तिथे उमेदवारी केली. दोऱ्याला टांगलेला चुंबक, त्याला चिकटवलेला आरसा, आरशात दिसणारी मोजपट्टी आणि ती वाचायला लांबून लावलेली दुर्बीण, असे ते यंत्र. दर तासाला एक माणूस दुर्बिणीला डोळा लावून आकडा वाचणार आणि वहीत लिहिणार. सुई चाळवली की वाचन दर काही मिनिटांनी.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत होता. अचानक डागांवर दोन पांढरे झगझगीत ठिपके उमटले आणि पाचेक मिनिटांत विझले. सुमारे साडेसतरा तासांनी, म्हणजे २ सप्टेंबरला, चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. एरवी सूर्याकडून यायला दोन-तीन दिवस लागतात. क्यूबापर्यंत आभाळ लाल झाले. बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारबाबूंनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि नुसत्या आभाळाच्या विजेवर दोन तास तारा पाठवल्या.

मुंबईत तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आकाशात प्रकाश दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दुर्बिणीतला आकडा मात्र घसरत गेला, एकूण सुमारे १६०० नॅनोटेस्ला, म्हणजे तिथल्या आडव्या चुंबकीय बळाच्या जवळजवळ चार टक्के. उत्तरेकडच्या वेधशाळांत माथ्यावरच अरोराचे प्रवाह वाहत होते, कित्येक यंत्रांच्या नोंदी कागदाबाहेर गेल्या. विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळच्या कुलाब्याची नोंद हाती राहिली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी त्या वादळाचा जोर मोजला, तो कुलाब्याच्या या आकड्यांवरूनच. त्या सकाळी वही भरणाऱ्यांना मी या कथेचे नायक मानतो. पाहायला काही नसताना ते पाहत राहिले.

मुंबईकरांना प्रकाशही दिसला, पण बारा वर्षांनी. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री इथे अरोरा दिसल्याची बातमी टाइम्स ऑफ इंडियाने दिली होती. मुंबई-एडन समुद्री तारेचे कामही तेव्हा अडले होते.

पुढे शहरात विजेची ट्राम येणार असे ठरले आणि सुईचे दिवस भरले. रुळांतून वाहणाऱ्या विजेने तिला भ्रम झाला असता. संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी १९०४ मध्ये चुंबकीय यंत्रे अलिबागला हलवली. ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागची नोंद आजही चालू आहे.

बाकीचा प्रवास भराभर झाला. जर्मनीच्या युलियस बार्टेल्सने १९४९ मध्ये जगभरच्या सुयांची चळवळ शून्य ते नऊ अशा एका आकड्यात बसवली. तो ‘केपी’ अरोरावाल्यांच्या तोंडी आजही असतो. सुई मग पृथ्वी सोडून १५ लाख किलोमीटर सूर्याच्या दिशेने गेली. तिथले उपग्रह वादळ आपल्यावर आदळण्याआधी पंधरा मिनिटे ते तासभर इशारा देतात. बीझेड तिथूनच येतो. आपले आदित्य-एल१ यानही जानेवारी २०२४ पासून त्याच परिसरात आहे. ते सोडले २ सप्टेंबरला, १८५९ च्या वादळाच्याच तारखेला. योगायोग, पण मला आवडतो.

मे २०२४ च्या त्या वादळात लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनीही क्षितिजावर लाल झाक टिपली. इतका मंद लाल रंग डोळ्यांना धड जाणवत नाही. कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवला की उमटतो. तिवईशिवाय तिकडे जाऊ नये.

घरच्या घरी सुई करायची असेल तर युरोपातले हौशी लोक करतात ते करा: काचेची बरणी, रेशमी दोऱ्याला टांगलेला छोटा चुंबक, त्याला चिकटवलेला आरशाचा तुकडा, आणि आरशावरून भिंतीवर पडणारा उजेडाचा ठिपका. फक्त मुंबईत हा उद्योग करू नका. खालून गाडी गेली तरी ठिपका हलेल. मूससाहेबांनी गाशा गुंडाळला तो याच भीतीने.